सावली पोटाशी

पत्र दीड पानाचं होतं आणि त्यात प्रश्न एकच होता. अकरा वर्षं झाली तरी पुस्तकरावांनी त्याचं उत्तर लिहिलं नव्हतं. पत्र हरवलं असतं तर निदान एक सबब झाली असती, पण तेही नाही. जे पुस्तक वाचायला घेतलेलं असेल त्यात ते खुणेसारखं असायचं आणि पुस्तक संपलं की दुसऱ्या पुस्तकात मुक्कामाला जायचं. घडी घालून घालून कागद कापडासारखा मऊ झाला होता.

पुस्तकराव हे अर्थातच खरं नाव नव्हे. नकाशे तयार करणाऱ्या एका मोठ्या कचेरीत ते नोकरीला होते. मधल्या सुट्टीत बाकीचे गप्पा छाटत आणि हे खिडकीशी पुस्तकात तोंड खुपसून बसत, म्हणून कधीतरी कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. बायकोही रागावली की तेच वापरायची.

पत्र लिहिणारे होते दादा. वीस वर्षं त्यांचं टेबल पुस्तकरावांच्या टेबलाला लागून होतं आणि हे काम त्यांनीच पुस्तकरावांना हाताला धरून शिकवलं होतं. काम सांगायला सोपं. विमानातून जमिनीचे फोटो काढलेले असतात. एकाच जागेचे दोन, जरा अंतर ठेवून घेतलेले. ते शेजारी शेजारी मांडायचे, वर दोन भिंगांचं यंत्र ठेवायचं आणि डाव्या डोळ्यानं डावा, उजव्यानं उजवा फोटो बघायचा. क्षणभर दोन्ही हलतात, मग एकमेकांत मिसळतात आणि कागदातून डोंगर उभा राहतो. खरोखर उभा राहतो, बोट लावून बघावंसं वाटतं. मग तो चढउतार पेन्सिलीच्या रेषांनी नकाशावर उतरवायचा. याला डोळे दोन लागतात.

एका डोळ्याला नुसता फोटो दिसतो. त्यात उंच काय आणि खोल काय हे सांगायला फक्त सावली असते, आणि सावली मोठी लबाड. ती बघणाऱ्याच्या बाजूला पडलेली असेल तर टेकडी टेकडीच दिसते. फोटो उलटा फिरला, सावली पलीकडे गेली, की तीच टेकडी खड्डा होते आणि खड्ड्याची टेकडी. म्हणून फोटो नुसता हातात घेतला तरी तो कसा धरायचा, हा नवख्याला दादांचा पहिला धडा असायचा. "सावली पोटाशी," ते म्हणायचे, आणि फोटो फिरवून सावली त्या माणसाच्या पोटाकडे करून द्यायचे.

पुढं दादांचा एक डोळा हळूहळू गेला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण पुस्तकरावांना कळलं होतं. दादा चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवायला लागले होते. दोनदा तर पुस्तकरावांनी तो वरच्यावर झेलला. दादा नुसते हसले. एवढ्या मोठ्या माणसाला आपण काय सांगायचं, असं स्वतःला समजावून पुस्तकरावांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. आणि एके दिवशी दादांचा एक नकाशा परत आला. दगडाच्या जुन्या खाणीच्या जागी त्यात एक सुरेख वाटोळी टेकडी काढलेली होती.

खोलीत कुजबुज चालली होती. जन्मात कधी चारचौघांत तोंड न उघडणारे पुस्तकराव त्या दिवशी नेमके बोलून गेले, "दादांचा नकाशा घेऊन डोंगर चढायला निघालं, की माणूस विहिरीत पोचतो."

खोली पोट धरधरून हसली. पुस्तकरावांच्या बोलण्यावर त्याआधी कुणी हसलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलं. मग त्यांचं लक्ष दाराकडं गेलं. दारात दादा होते. ते मघापासून उभे होते की तेवढ्यातच आले होते, याचा निकाल पुस्तकरावांच्या मनात आजवर लागला नव्हता. उंचसखल उलटं करून ठेवलेल्या चुकीला मात्र त्या दिवसापासून कचेरीत 'विहीर' म्हणायला लागले.

दादांची बदली तळघरातल्या कोठीत, म्हणजे जुने नकाशे ठेवायच्या खोलीत झाली. चार महिन्यांत नोकरी सोडून ते बहिणीच्या गावी गेले आणि तिथून त्यांचं पत्र आलं. प्रकृतीची चौकशी, हवापाणी, आणि शेवटी: "माझं चुकायला नक्की कधीपासून लागलं ते मला कुणी सांगितलं नाही. त्याच्या आधीचं तरी बरोबर होतं ना? तू शेजारी होतास, तुला ठाऊक असेल. खोटं लिहू नकोस. उत्तर नाही दिलंस तरी माझा राग नाही."

राग नाही, इथंच घोडं पेंड खायचं. रागावले असते तर क्षमा तरी मागता आली असती. पुस्तकराव कागद घेऊन बसत आणि मायन्यातच अडकत. तीर्थरूप लिहावं तर ते नात्याचे नव्हेत, प्रिय लिहावं तर ते वयानं मोठे. तेवढ्यात जेवायची वेळ व्हायची. आणि मायना सुटला असता तरी पुढं काय लिहिणार? मला दिसत होतं आणि मी गप्प बसलो, हे? की विहिरीचा विनोद माझा, हे? आज लिहू, उद्या लिहू करता करता वर्षं गेली.

आणि मग एका सकाळी तोंड धुताना पुस्तकरावांच्या डाव्या डोळ्यात साबण गेला. डोळा त्यांनी घट्ट मिटला आणि ओरडून बायकोला विचारलं, दिवे गेले का?

"सकाळचे साडेसात वाजलेत," बायको आतून म्हणाली. "दिवे लावलेत कुणी?"

त्यांनी डावा डोळा उघडला. न्हाणीघर जागच्या जागी होतं. पुन्हा मिटला. काही नव्हतं. काळोखसुद्धा म्हणता येईना. काळोख निदान दिसतो. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. त्यांनी तोंड पुसलं, टॉवेल दांडीवर नीट पसरला आणि बाहेर येऊन कपडे घातले. न्याहारी झाल्यावर बायकोला सांगितलं. आधी का सांगितलं नाही म्हणून ती चिडली. तर ते म्हणाले, "तुझं खाऊन होऊ दे म्हटलं."

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. डोळ्याच्या पडद्याला रक्त पोचवणारी बारीकशी नळी बंद झाली आहे, पडदा गेला आहे, या डोळ्यानं आता दिसणार नाही, असं त्यांनी सावकाश आणि स्पष्ट सांगितलं. रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या. एका डोळ्यानं माणसाला जवळजवळ सगळं करता येतं, म्हणाल्या. बायकोनं पदर तोंडाला लावला. पुस्तकरावांनी विचारलं, चष्मा हाच ठेवायचा ना? हाच ठेवा, त्या म्हणाल्या, उजवी काच आता नावालाच. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या कुणाचा तरी निरोप ऐकून घ्यावा आणि तो पोचवायचं विसरून जावं, तसं काहीसं झालं होतं.

घरी मुलगी धावत आली, गळ्यात पडून रडली. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला धीर दिला. रात्री झोप लागली. दुसऱ्या दिवशीही लागली. आपल्याला काही वाटत का नाही, हे बघायला ते मधूनमधून स्वतःकडं वळत. तिथं रिकाम्या खुर्चीसारखं काहीतरी असायचं. मग ते पुस्तक उघडत. वाचता येत होतं, पण ओळीचं उजवीकडचं शेपूट निसटायचं. त्यासाठी मान वळवायची सवय करावी लागली.

बाकी आयुष्य एका वितीनं सरकलं होतं. पाणी पेल्याच्या शेजारी पडायचं. किल्ली कुलपाच्या अलीकडंच थांबायची. जिन्याची शेवटची पायरी कधी एक जास्त असायची, कधी एक कमी. जेवताना बायको नेहमीसारखी उजव्या हाताला बसली, तर ती उठून गेली असं समजून पुस्तकराव स्वतःशीच पुटपुटायला लागले.

"मी इथंच आहे," ती म्हणाली. "दोन डोळे होते तेव्हा तरी कुठं मला बघत होता?"

मग ताट उचलून ती डावीकडं येऊन बसली आणि कायमची तिथंच बसायला लागली. ओतायचं कसं हेही तिनंच शोधून काढलं. आधी पेल्याच्या काठाला बोट लावायचं, भांडं बोटाला टेकवायचं आणि मग वाकवायचं. डोळ्याला कळत नसेल तर बोटाला विचारा, म्हणाली. पेला भरायला लागला. पुस्तकरावांनी तिला छान म्हटलं, तेही निरोप पोचवल्यासारखंच.

पंधरा दिवसांनी ते कामावर गेले आणि ताप आला होता असं सांगितलं. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. चौदा महिने काय, असेच निघून जातील. कुणाला सांगायला गेलं तर तळघरातली कोठी ठेवलेलीच होती.

टेबलाशी बसून त्यांनी दोन फोटो मांडले, यंत्र ठेवलं, डोळे लावले. होणार ते माहीत होतं. एकतीस वर्षं ते काम करणाऱ्याला माहीत नसेल तर कुणाला? तरी ते पाचेक मिनिटं तसेच वाकून राहिले. फोटो हलले नाहीत, मिसळले नाहीत. डावा फोटो सपाट पडून होता, भिंतीवरच्या जुन्या डागासारखा. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि रेषा काढायला सुरुवात केली.

आधार होता तो फक्त सावलीचा. बाकी अनुभव. नदी कुठं वळली, पायवाट कुठं नागमोडी गेली, यावरून चढ ताडता येत होता. फोटो विमान ज्या दिशेनं गेलं त्या दिशेनं मांडावे लागतात, आणि या जोड्यांत सावली नेमकी पलीकडं पडत होती. दोन डोळ्यांच्या माणसाला त्यानं काही फरक पडत नाही. पुस्तकरावांनी एक फोटो उचलून नुसता फिरवून बघितला असता, सावली पोटाशी घेतली असती, तर अर्धी अडचण सुटली असती. पण जोडीतला एकटा फोटो फिरवून बघत बसणारा माणूस म्हणजे एका डोळ्यानं काम करणारा माणूस, हे त्या खोलीत कुणालाही लांबून कळलं असतं. त्यांनी फोटो फिरवले नाहीत. मनातल्या मनात सगळं उलटं करून घेत ते रेषा काढत राहिले. नकाशा लहानसा होता, एरवीसारखा पाच-सहा महिन्यांचा नव्हता; सोळा दिवसांनी तो तपासायला गेला.

नकाशे तपासणाऱ्या बाई दादांच्या नंतर कचेरीत आलेल्या. चोख काम आणि फटकळ तोंड. कुणाचा नकाशा त्यांच्याकडून परत आला की बाकीचे त्या माणसाला दुसऱ्या दिवशीपर्यंत छेडत. नकाशा दिल्याच्या तिसऱ्या दिवशी पुस्तकराव नवे फोटो मांडत होते आणि अचानक उजव्या कानाशी आवाज आला.

"मी इथं केव्हाची उभीय, पुस्तकराव."

ते दचकले. बाईंनी त्यांचा नकाशा टेबलावर पसरला. खालच्या डाव्या कोपऱ्यात त्यांनी काढलेली एक वाटोळी टेकडी होती, माथ्यावर गर्द झाडी दाखवलेली. तिच्याभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ होतं आणि शेजारी बाईंच्या टपोऱ्या अक्षरात एकच शब्द: विहीर.

पुस्तकरावांनी तो वाचला. शब्द त्यांचाच होता, अकरा वर्षांनी फिरून त्यांच्याच टेबलावर आलेला. काहीतरी लागायला हवं होतं. लागलं नाही. फक्त हातातली पेन्सिल खाली ठेवावीशी वाटली. ठेवताना ती टेबलाच्या अलीकडंच सुटली आणि जमिनीवर पडली.

बाईंनी ती उचलली. त्या खुर्ची ओढून बसल्या, या वेळी डावीकडं, आणि आवाज खाली आणला.

"ती झाडी नाही, पाणी आहे. टेकडीच्या डोक्यावर तळं कसं साचेल?"

त्यांनी मूळ फोटो काढला आणि पुस्तकरावांसमोर अर्धा फिरवला. सावली पोटाशी आली. टेकडी आत बसली, खोल गेली आणि तिच्या तळाशी काळंभोर पाणी चमकलं.

"उजवा?" बाईंनी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"महिना होऊन गेला."

"अहो, मग फोटो फिरवायचा होता."

"फिरवला असता तर सगळ्यांना कळलं असतं."

"आता कळलंच ना."

वर साहेबांना मी सांगू की तुम्ही सांगता, एवढंच विचारून बाई उठल्या.

पुस्तकराव बसून राहिले. फोटो तसाच पुढ्यात होता. आणि मग, कुठून कोण जाणे, त्यांना शेजारच्या टेबलावरचे दादा दिसले. सावली पोटाशी हा धडा साऱ्या खोलीला देणारा माणूस. खाणीची टेकडी करण्याइतके ते कच्चे नव्हते. एकदा फोटो फिरवला असता तर त्यांना कळलं असतं. त्यांनी तो फिरवला नाही, कारण हातभर अंतरावर त्यांचा शागीर्द बसला होता. त्याला दिसू नये म्हणून त्यांनी तसंच उलटं काम केलं. आणि शागिर्दाला सगळं दिसत होतं. तो नुसता "दादा, फिरवा की" म्हणाला असता, तरी भागलं असतं.

साहेबांना त्यांनी स्वतःच सांगितलं. साहेब भले होते. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पाणी मागवलं आणि सोमवारपासून कोठी सांभाळा म्हणाले. खोलीतल्या लोकांनी त्यांना जिन्यापर्यंत सोबत केली आणि जरा मोठ्यानं बोलले, जणू गेला होता तो कान.

कोठी तळघरात असली तरी तिला वरच्या बाजूला झरोके होते आणि दुपारी बरा उजेड यायचा. तिथं प्रत्येक नकाशा आपल्या फोटोंच्या जोडीसकट सपाट खणात ठेवलेला असे आणि कोपऱ्यात करणाऱ्याची सही असे. दादांची सही पुस्तकरावांना पहिल्याच आठवड्यात सापडली. मग त्यांनी दादांचे सगळे नकाशे शोधून तारखेनं लावले. पंचेचाळीस निघाले. पण लावून उपयोग काय? ते बरोबर आहेत की चूक, हे बघायला दोन डोळे हवेत. पत्राचं उत्तर देता येण्याजोगे दोन डोळे त्यांच्यापाशी अकरा वर्षं होते.

दोन दिवस मनाशी जुळवाजुळव करून ते तपासणाऱ्या बाईंकडं गेले. शब्द जुळले नाहीत, म्हणून नुसतं पत्रच त्यांच्या हातात दिलं. बाईंनी उभ्याउभ्या वाचलं.

"हे दादा म्हणजे?"

"विहीर हा शब्द ज्यांच्यावरून आला ते."

"तो माणूस होता? मला वाटलं, आपली एक म्हण असेल." मग त्यांनी विचारलं, "म्हण काढली कुणी?"

"मी."

बाईंनी त्यांच्याकडं बघितलं आणि पत्राची घडी घालून परत दिली. यंत्र तुमच्याकडं खाली आणून ठेवा, मी मधल्या सुट्टीत येते, म्हणाल्या.

नऊ दुपारी त्या आल्या. डबा खाऊन हात पुसत यायच्या आणि यंत्राला डोळे लावायच्या. पुस्तकराव नकाशा धरून एकेक जागा विचारायचे. नदीच्या डाव्या काठाला कडा आहे का? आहे. खिंडीच्या पलीकडं उतार आधी सावकाश, मग एकदम? बाई थांबायच्या, यंत्र सरकवायच्या. बरोबर. बरोबर. एकदा त्या वाकूनच म्हणाल्या, ही घळ मला दोनदा बघितल्यावर दिसली, यांनी पहिल्यांदाच पकडलीय. पुस्तकरावांनी आपल्या वहीत ते शब्द जसेच्या तसे उतरवले. बाकी वहीत बरोबर, बरोबर, बरोबर, अशी पानंच्या पानं होती.

त्रेचाळिसाव्या नकाशाला बाईंनी यंत्र पुन्हा मागं घेतलं. एक उतार जरा चुकला होता. चव्वेचाळिसाव्यात दोन जागा. पंचेचाळिसावा खाणीचा. तारखा पुस्तकरावांना न बघता माहीत होत्या. त्रेचाळिसावा ज्या महिन्यातला, त्याच महिन्यात त्यांनी पहिल्यांदा कप झेलला होता.

रविवारी सकाळी बायकोनं टेबल पुसून दिलं. ओळ निसटू नये म्हणून त्यांनी कागदावर पट्टी ठेवली. दादांनाही एकाच डोळ्यानं वाचायचं होतं, म्हणून अक्षर मोठं काढलं. मायन्यापाशी ते या वेळी थांबले नाहीत.

"दादा, तुमचे पंचेचाळीस नकाशे पुन्हा तपासून घेतले. तपासणाऱ्या बाईंचे डोळे उत्तम आहेत. पहिले बेचाळीस बरोबर आहेत, सगळीकडं बरोबर आहेत. चुकायला लागलं ते त्रेचाळिसाव्यापासून, आणि ते मला तेव्हाच कळलं होतं. मी बोललो नाही. विहिरीचं ते वाक्य माझं होतं. तुम्ही ते ऐकलंत की नाही मला माहीत नाही. माझा उजवा डोळा गेला आहे. मीसुद्धा फोटो फिरवला नाही."

त्याखाली त्यांनी त्रेचाळीस, चव्वेचाळीस आणि पंचेचाळीसमधल्या चुका जागेसकट लिहिल्या, आणि घळीबद्दल बाई काय म्हणाल्या तेही. खरं लिही म्हटलं होतं, खरं लिहिलं. वाचून बघितल्यावर पत्र फारच कोरडं वाटलं. दुसरं लिहावं की काय, म्हणून हात कागदाकडं गेला.

"पुस्तकराव," बायको म्हणाली, "दुसरं लिहायला बसलात तर आणखी अकरा वर्षं." त्यांनी पाकीट चिकटवलं. पत्ता लिहिताना ती खांद्यावरून बघत होती. "माणूस तिथं आहे का, ते आधी कुणाला तरी विचारायचं होतं."

"कुणाला विचारू?"

"तेही खरं," ती म्हणाली. "टाकून या मग."

टपालाची पेटी कोपऱ्यावरच्या भिंतीत होती. रस्ता ओलांडताना त्यांनी मान पुरती उजवीकडं वळवली, मग डावीकडं, मग पुन्हा उजवीकडं. पेटीसमोर उभं राहून पाकीट पुढं केलं, तर ते फटीच्या शेजारी पत्र्यावर आपटलं आणि त्याचा कोपरा दुमडला. दुसऱ्यांदाही तेच. मागं एक बाई पत्र घेऊन थांबल्या होत्या. पुस्तकरावांनी त्यांना जरा थांबा म्हटलं, दुमडलेला कोपरा अंगठ्यानं सरळ केला, डाव्या हाताचं बोट फटीच्या काठाला लावलं, पाकीट बोटाला टेकवलं आणि आत सोडलं.